मक्याची भाकरी आणि दारापर्यंतचा कापूस



परदेशावर बोलणाऱ्याने तिथली विद्यापीठे आणि ग्रंथालये पाहिलेली असावीत, ही आपली अपेक्षा रास्त आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढची तीस वर्षे जिनिंग-प्रेसिंगमधले कामगार आणि हमाल यांची संघटना बांधण्यात गेली. त्यामुळे अमेरिकेतले मला जे थोडेफार कळले, ते एका जेवणाच्या टेबलावरून आणि मग त्याच्या अनुषंगाने केलेल्या वाचनावरून. माझा भाचा अटलांटा शहरी नोकरीस आहे. त्याच्याकडे गेलो असता त्याने मला शेजारच्या अलाबामा राज्याच्या दक्षिण भागात, एका शेतावरच्या पाहुणघरात दोन रात्री मुक्कामाला नेले. तिथे काय खाल्ले, आजूबाजूला काय पाहिले आणि त्याचा अर्थ काय लागला, एवढाच आजचा विषय.

अमेरिकेत ‘दक्षिण’ हा शब्द केवळ दिशा दाखवत नाही. १८६०-६१ साली गुलामगिरी टिकवण्यासाठी जी अकरा राज्ये संघराज्यातून फुटून निघाली, त्यांचा हा मुलूख. कापूस, तंबाखू, भात आणि ऊस ही त्याची पिके. आपला त्याच्याशी संबंध जुना आहे. यादवी युद्धाच्या चार वर्षांत तिथला कापूस अडकला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांकडे धावला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले, तेही गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना.

आता त्या पाहुणघराकडे वळू. लाकडी दुमजली घर, पुढे रुंद ओसरी, ओसरीवर डुलत्या खुर्च्या. भोवती लाल माती, भुईमुगाची शेते आणि त्यापलीकडे पाइनची झाडी. वाटेने जाणारा अनोळखी मोटारवालाही हात वर करून रामराम करतो. जेवणाची घंटा झाली की सगळे पाहुणे एकाच लांब टेबलाशी बसतात. मोठमोठे वाडगे मध्ये मांडलेले असतात, ज्याने त्याने वाढून घ्यायचे आणि वाडगा शेजाऱ्याकडे सरकवायचा. भाचा म्हणाला, “मामा, ही आपली पंगतच, फक्त वाढपी नाही.”

ताटात काय होते ते नीट सांगतो, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. मक्याच्या पिठात ताक आणि अंडे घालून बिडाच्या तापल्या तव्यात भट्टीत भाजलेली जाड भाकरी, तिला कॉर्नब्रेड म्हणतात. मक्याच्या मऊ शिजवलेल्या कण्या, आपल्याकडे ज्वारीच्या करतात तशाच. गड्डा न धरणाऱ्या कोबीसारखी कॉलर्ड नावाची पालेभाजी, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा घालून तासभर शिजवलेली. चवळीची उसळ. भेंडी मक्याच्या पिठात घोळवून तळलेली. रताळे. तळलेली कोंबडी. शेवटी ताकातली मऊ बिस्किटे आणि त्यांवर काकवी. होय, काकवीच! त्या भागात ऊस गाळून ती करतात. आणखी उत्तरेला थंडीमुळे ऊस नीट होत नाही, तिथे गोड ज्वारीच्या ताटांचा रस काढून कढईत आटवतात. सकाळी ओसरीवर मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा समोर आल्या, तेव्हा मला आपण परक्या मुलखात आहोत याचा क्षणभर विसर पडला.

हे ताट तीन खंडांतून जमलेले आहे. मका तिथल्या मूळ रहिवाशांचा. डुक्कर आणि कोंबडी युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांची. भेंडी आणि चवळी आफ्रिकेतली. गुलाम म्हणून धरून आणलेल्या माणसांबरोबर ही बियाणी आली, आणि भाजी कशी शिजवायची ही अक्कलही त्यांच्याबरोबर आली. गोऱ्या मालकांच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्पिढ्या रांधणारे हात बहुधा त्यांचेच होते. आज पुस्तकांतून ज्याचे कौतुक होते, तो ‘दक्षिणी पाहुणचार’ पुष्कळसा त्यांच्या कष्टांवर उभा राहिला.

मला सवय अशी की, जेवण झाले की रांधणाऱ्याला भेटायचे. तिथली स्वयंपाकीणबाई साठीपुढची, कृष्णवर्णीय. भाच्याला दुभाषा करून मी भाजीची तारीफ केली. बाई म्हणाल्या, ही भाजी आपल्या आजीला रोज मिळती तर ती एवढ्या लवकर मेली नसती. आजी बटाईने कापूस करीत होती, आणि मालक दारापर्यंत कापूस पेरायला लावी. भाजीचा वाफा काढायला जागाच नव्हती.

या एका वाक्याचा उलगडा करायला मला पुढे बरेच वाचावे लागले. त्याचा सारांश सांगतो.

१८६५ साली गुलामगिरी संपली, पण जमीन मालकांकडेच राहिली. मुक्त झालेले गुलाम आणि गरीब गोरे शेतकरी यांना बटाईवाचून गत्यंतर उरले नाही. जमीन, खेचर आणि बियाणे मालकाचे, कष्ट कुळाचे, पीक निम्मे-निम्मे. पीक हाती येईपर्यंत पीठमीठ दुकानातून उधारीवर घ्यायचे आणि तारण ठेवायचे ते उभे पीक. तारणाला कापूसच हवा, कारण कापूस खाऊन संपत नाही आणि केव्हाही विकला जातो. दुकानात मिळे ते तीन जिन्नस: खारवलेली चरबी, मक्याचे पीठ आणि काकवी. आत्ता वर्णिलेल्या ताटातून पालेभाजी, चवळी, ताक, अंडी आणि कोंबडी उचलून घ्या. उरेल ते बटाईदाराचे ताट.

या ताटाने रोग आणला. त्याचे नाव पेलाग्रा. आधी हातापायांवर आणि गळ्याभोवती चट्टे, मग हगवण, मग बुद्धिभ्रंश आणि शेवटी मृत्यू. हिवाळाभर निकस खाऊन झाल्यावर वसंताचे ऊन अंगावर पडले की चट्टे उमटत. आपण वसंतात व्याख्याने ऐकतो, तिथल्या गरिबांना वसंताची धास्ती वाटे. १९०६ ते १९४० या काळात सुमारे तीस लाख लोकांना हा रोग झाला आणि लाखभर माणसे दगावली, असा अंदाज आहे.

डॉक्टरांना वाटे की हा संसर्ग आहे. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरास तपासावर पाठवले. अनाथालयांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत त्यांनी साधी गोष्ट हेरली. रोग होतो तो तिथे ठेवलेल्यांना, त्यांची उठबस करणाऱ्या नोकरांना होत नाही. संसर्ग असता तर त्याने हुद्दा पाहिला नसता. फरक होता तो जेवणात. १९१५ साली मिसिसिपीच्या एका तुरुंगाच्या शेतीवर, माफीच्या बोलीवर तयार झालेल्या अकरा कैद्यांना त्यांनी मक्याचे आणि पिठाचे निकस जेवण दिले. सुमारे सहा महिन्यांत सहा जणांना रोग झाला. तरी लोक मानेनात, तेव्हा १९१६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचे रक्त टोचून घेतले, चट्ट्यांच्या खपल्या गोळीत घालून गिळल्या. कोणालाही काही झाले नाही. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनातील सात गिरणीवस्त्यांत त्यांनी घरोघर मिळकत आणि जेवण यांची नोंद सुरू केली. मिळकत जितकी कमी, रोग तितका अधिक, हा तिचा निष्कर्ष. दूध, मांस आणि ताजी भाजी मिळणाऱ्या घरांत रोग क्वचितच आढळला. मजुरी आणि आरोग्य यांचा संबंध आकड्यांनी इतका स्पष्ट दाखवणारे दुसरे काम माझ्या वाचनात नाही.

नेमके उणे काय, हे १९३७ साली ठरले: नायसिन हे जीवनसत्त्व. मक्यात ते असते, पण बांधलेले, शरीराला न मिळणारे. मेक्सिकोतील मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, त्याने ते मोकळे होते. मका जगभर गेला, पण चुन्याची ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही.

पाहुणघरापासून अर्ध्या तासावर एंटरप्राइझ नावाचे गाव आहे. तिथल्या भर चौकात एक स्त्रीचा पुतळा आहे, आणि तिने डोक्यावर उंच धरला आहे एक किडा! पुतळा १९१९ सालचा, किडा १९४९ साली बसवलेला. १९९८ साली मूळ पुतळ्याची मोडतोड झाली, म्हणून आता चौकात प्रतिकृती आहे. हा किडा म्हणजे कापसाच्या बोंडात अंडी घालणारा सोंडकिडा. आपली बोंडअळी पतंगाची, हा भुंग्याच्या जातीचा. १८९२च्या सुमारास तो मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला आणि वीस-पंचवीस वर्षांत दक्षिणेचा कापूस पोखरत अलाबामापर्यंत आला. कापूस बुडाला, तेव्हा या भागाने भुईमूग धरला आणि तो सावरला. म्हणून गावाने शत्रूचे स्मारक उभारले. अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासून दाखवले आहे की, जिथे हा किडा पोचला तिथे खाण्याची पिके वाढली आणि पेलाग्राचे मृत्यू घटले. जे मालकाला पटवता आले नाही, ते एका किड्याने करून दाखवले.

हे तोंडाने सांगणारा माणूसही त्याच राज्यात होता. ‘एक होता कार्व्हर’ वाचलेल्यांना त्याचे नाव सांगायला नको. १८९६ साली तो टस्कीगीच्या संस्थेत आला. १९०६ पासून संस्थेची गाडी खेड्यापाड्यांत फिरू लागली. चवळी पेरा, रताळी लावा, भुईमूग घ्या, बांधावरची रानभाजी ओळखा, हा त्याचा उपदेश. पण बटाईदाराला पेरायचे ते मालकाला विचारून, ही त्या उपदेशाची मर्यादा होती.

कोणी म्हणेल, मक्याचा रोग, आपल्याला काय त्याचे? १९६०च्या सुमारास हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच पेलाग्रा दख्खनमधल्या, केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत अभ्यासला. दोष ज्वारीच्या भाकरीचा नव्हे. भाकरीबरोबर डाळ, भाजी आणि ताक असले की ती उत्तम अन्न आहे. दोष ‘केवळ’ या शब्दाचा आहे. आज आपल्याकडे कापूस आणि सोयाबीन घराच्या भिंतीला येऊन टेकले आहेत. जिनिंगमधल्या माझ्या कामगार बहिणी खेड्यातून येतात आणि भाजी तालुक्याच्या बाजारातून विकत नेतात. आठवड्याची मजुरी चुकली की आधी भाजी सुटते. डब्यात भाकरी आणि चटणी दिसू लागली, की पगार थकल्याचे मला कोणी सांगावे लागत नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही माँटगोमेरीस थांबलो. बसमधील वर्णभेदाविरुद्ध १९५५च्या डिसेंबरात तिथे बहिष्कार सुरू झाला, तो ३८१ दिवस चालला. रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग ही नावे आपण जाणतो. जॉर्जिया गिलमोर हे नाव मी तिथेच ऐकले. ही स्वयंपाकीण. किंगवरील खटल्यात साक्ष दिली म्हणून तिची नोकरी गेली. तिने घरीच चूल मांडली. शेजारणींना गोळा करून तळलेली कोंबडी, भाज्या आणि रताळ्याचे गोड पदार्थ विकले आणि दर आठवड्याच्या सभेत पैसे आणून ओतले. त्यातून बहिष्कार करणाऱ्यांची ने-आण करणाऱ्या मोटारींना पेट्रोल मिळाले. मदत करणाऱ्या घरकामगार बायांची नोकरी जाऊ नये म्हणून मंडळाचे नाव ठेवले ‘कुठलेच नाही’. पैसे कुठून आले असे विचारले की उत्तर तयार: कुठूनच नाही! मी पुष्कळ संप पाहिले. निधीअभावी मोडलेले अधिक. त्यामुळे त्या बाईच्या घरावरून जाताना मी टोपी काढली.

कोणी त्या बाजूस गेलात तर तिथले जेवण मनसोक्त जेवा. ते चवदार आहे, आणि वाढणाऱ्यांचा जिव्हाळा खोटा नाही. मात्र वाडगा शेजाऱ्याकडे सरकवताना एक विचारा: हे ज्यांनी पिकवले आणि रांधले, त्यांच्या ताटात भाजी होती का? आणि घरी परतल्यावर हाच प्रश्न इथेही विचारा.