सव्वातीन तासांचा हिशेब

नेट सुटली किंवा पेट पास झाली की विद्यापीठाच्या आवारात पहिला प्रश्न ऐकू येतो तो ‘गाईड मिळाला का?’ हाच. मिळाला की घरी पेढे वाटले जातात. पुढची पाच-सहा वर्षं ज्यांच्या हाताखाली काढायची ते सर किंवा मॅडम लिहिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत देतात, त्यांच्याकडे आधी आलेल्यांचं काय झालं, हे प्रश्न मात्र नोंदणीचे कागद जमा झाल्यावर सुचतात. अर्जापूर्वी चौकशी होते ती बहुतेक नावलौकिकाची: शोधनिबंध किती, प्रकल्प किती, परदेशात कुठे होते. माझं म्हणणं असं की, या सगळ्याच्या आधी एकच गोष्ट तपासावी. या माणसाकडे आपल्यासाठी वेळ आहे का?

हा वेळ ढोबळपणे मोजता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएचडी नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. आयोगाच्याच 2018 च्या नियमांत आठवड्याचं काम किमान 40 तासांचं धरलं आहे; त्यात प्राध्यापकाचे 14 आणि सहायक प्राध्यापकाचे 16 तास प्रत्यक्ष अध्यापनाचे. प्राध्यापकाकडे उरले 26. आठ जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीन तास. सहायक प्राध्यापकाचे उरलेले 24 तास चौघांत वाटले तर सहा. (आयआयटी, आयसर यांचे नियम निराळे, पण हिशेबाची रीत तीच.) आणि सव्वातीन तासही कागदावरच, पेपर तपासणी, नॅकची कागदपत्रं, अभ्यास मंडळाच्या बैठका, प्रकल्पाचे हिशेब हे सगळं त्याच 26 तासांतून वजा होतं. प्रयोगशाळेत याचा परिणाम अगदी ठळक दिसतो. कॉलममधून संयुग शुद्ध निघालं नाही, जेलवर बँड उमटला नाही, तर आता काय करायचं हे विचारायला कुणी नसतं. विद्यार्थी तोच प्रयोग पुन्हा लावतो, मग पुन्हा. सिनॉप्सिस टेबलावर पडून राहतो. नेट-जेआरएफची रक्कम 2023 पासून पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये आणि पुढं 42,000 रुपये आहे, पण तिची एकूण मुदत पाच वर्षांची. पीएचडीला नियमानं सहा वर्षं मिळतात. काम अर्धवट आणि पैसे बंद, अशी सहाव्या वर्षाची अवस्था घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाला किंवा मुलीला मोडून टाकते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, निवड विद्यार्थ्याच्या हातात असते कुठे? जागा ज्यांच्याकडे रिकामी, तेच गाईड. हे बऱ्याच अंशी खरं आहे. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, त्यामुळे जागा आणखी आटतात. तरीही मुलाखतीत विद्यार्थ्यानं सांगितलेली संशोधनाची आवड गाईड ठरवताना विचारात घेतली जाऊ शकते. आणि ती नेमकी सांगता येते ती आधी चौकशी करून आलेल्यालाच. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. नामवंतांकडे यंत्रं, निधी, ओळखी असतात, तरुण सहायक प्राध्यापकाकडे यातलं फारसं काही नसतं. मान्य. मोठ्या गटात पोस्टडॉक आणि वरिष्ठ विद्यार्थी नवख्याला हाताशी धरून शिकवतात, हेही मान्य. पण अमुक गटात ते खरोखर शिकवतात का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. शिवाय यंत्र शेजारच्या संस्थेतही वापरायला मिळू शकतं. गाईडनं न वाचलेलं प्रकरण त्यांच्या वतीनं दुसरं कुणी वाचून देत नाही.

चौकशीची साधनं हाताशी आहेत. प्रत्येक संस्थेनं गाईडची यादी, त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं, विषय आणि प्रवेशाची तारीख संकेतस्थळावर ठेवावी, दरवर्षी अद्ययावत करावी, असा नियम आहे. इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर गाईडच्या नावानं शोधलं की तिथं जमा झालेले प्रबंध दिसतात. दोन्ही शेजारी ठेवले की कुणाला किती वर्षं लागली याचा अंदाज येतो. मात्र खरा साक्षीदार त्याच प्रयोगशाळेतला चौथ्या वर्षाचा विद्यार्थी. सरांशी कामाबद्दल शेवटचं बोलणं कधी झालं, प्रकरण किती दिवसांत परत येतं, मधेच सोडून कितीजण गेले, एवढं त्याला एकट्याला गाठून विचारावं. गाईडना लिहितानाही एकच मजकूर सगळ्यांना धाडू नये. त्यांचा एखादा ताजा शोधनिबंध नीट वाचून त्यावर पडलेला आपला प्रश्न लिहावा. त्याला उत्तर येतं का आणि कसं येतं, यावरूनही पुष्कळ कळतं. गुरूची अशी चौकशी करणं उद्धटपणाचं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी विद्यार्थ्याची आजवरची गुणपत्रकं, प्रमाणपत्रं आणि मुलाखत आपण किती बारकाईनं तपासतो ते आठवावं. विद्यापीठांनीही आपल्या यादीत दोन रकाने वाढवावेत: पदवी घेऊन गेलेले किती आणि सोडून गेलेले किती. ही माहिती त्यांच्या दप्तरात आहेच.