पेशीतला लाल सिग्नल

दोस्तांनो, दीपनगरच्या वीज केंद्रात कोळशाच्या मालगाड्या येतात, हे भुसावळकडच्या मुलांना सांगायला नको. आता समजा, एखादी गाडी ठरल्या जागी थांबलीच नाही तर? कोळसा भलतीकडेच जाईल! म्हणजे गाडीला वेळेवर सुटणं जितकं महत्त्वाचं, तितकंच जागेवर थांबणंही.

अशीच एक ‘गाडी’ तुमच्या-माझ्या पेशींत आणि शेतातल्या कपाशीतही धावत असते. तिचं नाव आरएनए पॉलिमरेज. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली लांबच लांब पोथी. तिच्यातला एक धडा म्हणजे एक जनुक. हे एन्झाइम डीएनएवरून पुढे सरकत त्या धड्याची नक्कल करतं. ही नक्कल म्हणजे आरएनए. त्यात टीच्या जागी यू हे अक्षर येतं. पण धडा संपला हे त्याला कळतं कसं?

गंमत अशी, की थांबण्याची खूण डीएनएतच लिहिलेली असते! जिवाणूंमध्ये धड्याच्या शेवटी अशी अक्षरं येतात, की ताज्या नकलेची दुमड पडते आणि केसांत लावायच्या आकड्यासारखा आकार होतो. पाठोपाठ येते यूंची रांग. ए आणि यू यांची पकड असते सैल. त्यामुळे आकडा तयार झाला, की नक्कल निसटते आणि काम थांबतं. काही ठिकाणी मात्र ‘ऱ्हो’ नावाचं प्रथिन मागून येऊन नक्कल सोडवतं. जेफ्री रॉबर्ट्स यांनी ते १९६९ मध्ये शोधलं.

वनस्पतींत आणि आपल्यात तऱ्हा वेगळी. इथे नकलेत एएयूएएए किंवा तशीच अक्षरं उमटली, की थोडं पुढे नक्कल कापली जाते आणि तिला एंची शेपटी जोडली जाते. पॉलिमरेज तरीही लिहीतच असतं! मग दुसरं एन्झाइम उरलेला तुकडा मागून खात खात त्याला गाठतं आणि डीएनएवरून उतरवतं.

एका अक्षराने काय बिघडतं, असं वाटलं ना? हिमोग्लोबिनच्या एका जनुकाच्या शेवटी एएटीएएएऐवजी एएसीएएए झालं, तर नक्कल नीट कापली जात नाही आणि थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार होऊ शकतो. हे १९८५ मध्ये उघड झालं.

आता खान्देशातल्या कपाशीकडे वळू या. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन बीटी जनुकांची कपाशी आली. बोंडअळीला मारणारं प्रथिन बनवणारं हे दुसरं जनुक कपाशीत घालताना शास्त्रज्ञांनी शेवटी लाल सिग्नलही बसवला. तो घेतला मातीतल्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूकडून. हा जिवाणू आपली जनुकं वनस्पतीत घुसवतो, म्हणून त्याची खूण वनस्पतीलाही समजते. सुमारे २५० अक्षरांच्या या खुणेला म्हणतात ‘नोस टर्मिनेटर’. (पुढे गुलाबी बोंडअळी या प्रथिनांना दाद देईनाशी झाली, ती गोष्ट वेगळी.)

‘टर्मिनेटर’ हा शब्द ऐकून घरातली मोठी माणसं दचकतील. कारण १९९८ मध्ये अमेरिकेत एका तंत्राचं पेटंट निघालं होतं. त्या तंत्राने पिकाचं बी पुन्हा उगवूच नये, अशी सोय करता येणार होती. त्यालाही लोक ‘टर्मिनेटर’ म्हणू लागले आणि शेतकरी संतापले. ते बियाणं बाजारात आलंच नाही. आपल्याकडे २००१ च्या कायद्याने तशा वाणांची नोंदणीही बंद केली. नोस टर्मिनेटर फक्त नक्कल थांबवतो. तो सरकीचं उगवणं थांबवत नाही. संकरित कपाशीची सरकी पुन्हा पेरली तर पीक एकसारखं येत नाही, त्याचं कारण निराळं आहे. म्हणून कोणी दोन्ही टर्मिनेटर एकच समजत असेल, तर त्यांना फरक समजावून सांगा बरं!

करून बघा : कागदाच्या पट्टीवर सारख्या अंतरावर लिहा : जी सी सी जी सी, ए ए ए ए, जी सी जी जी सी. चार एंच्या मधोमध पट्टी दुमडा. प्रत्येक जीसमोर सी येतो की नाही? हाच तो आकडा!