कानातला बिऱ्हाडकरू

मैत्रिणींनो, रात्री सारं सामसूम झाल्यावर तुमच्या कानात रातकिडा ओरडतो का? माझ्या ओरडतो, गेली चार वर्षं. पहिले सहा महिने झोप नव्हती, रडूच यायचं. वैद्य याला ‘कर्णनाद’ म्हणतात. पुष्कळदा ऐकू येणं थोडं कमी होतं आणि ती उणीव मेंदू आपल्याच आवाजाने भरून काढतो. कधी कारण नुसता मळही असतो. पण म्हणून हेअरपिनने कोरू नका बरं! आवाज एकाच कानात किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर टाळाटाळ न करता कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

शांततेत हा फार माजतो. म्हणून निजताना मी पंखा लावते, थंडीतसुद्धा. हे बिचारे दोन गोधड्या घेतात! मोठमोठ्यांकडेही याने बिऱ्हाड केलं होतं. चेक संगीतकार स्मेताना यांनी १८७६ साली कानातला तो तीव्र स्वर आपल्या रचनेत व्हायोलिनवर वाजवायला लावला. माझा उपयोग घरगुती. सासूबाईंचं बोलणं लांबलं की म्हणते, “कानात फार वाजतंय हो.” परवा त्या म्हणाल्या, “मग मोठ्याने सांगते!”