दम मोजणारं यंत्र

कपाशीचा हंगाम संपला की जळगावजवळच्या नशिराबादच्या आसपास पऱ्हाट्यांचे भारे घरामागं रचले जातात आणि पुढं चुलीत जातात. त्या चुलीपुढं तीस वर्षं काढलेल्या बाईला धाप लागली की घरचे म्हणतात, वय झालं. दवाखान्यात तिची बीपी बघतात, शुगर बघतात. दम मोजायचा राहून जातो.

तो मोजतो स्पायरोमीटर. लंडनच्या डॉ. जॉन हचिन्सन यांनी पाण्यात उलट्या तरंगणाऱ्या भांड्यानं दोन हजारांवर माणसांचा श्वास मोजून 1846मध्ये आकडे प्रसिद्ध केले. पुढं 1947मध्ये फ्रान्सच्या तिफनो यांनी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, याकडं लक्ष वेधलं. आजही निदान त्यावरच उभं आहे.

नाकाला चिमटा, तोंडात नळी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा जोरात सोडायचा. "मारा फुंकर! अजून, अजून, थांबू नका मावशी!" असं पाठीशी लागणारा तंत्रज्ञ नसेल, तर चांगलं यंत्रही चुकीचा आकडा देतं. चारचौघांत एवढ्या जोरानं फुंकायला बायका लाजतात. ओठ सैल पडतात, हवा बाजूनं निसटते. म्हणून एकमेकींशी जुळणाऱ्या तीन फुंकरा लागतात. मग श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा. आकडा चांगला सुधारला तर दम्याचा संशय बळावतो. औषधानंतरही एकूण हवेपैकी 70 टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात निघाली, तर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा.

सीओपीडी म्हणजे विडी-सिगारेटवाल्यांचा आजार, ही समजूत अजून घट्ट आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009मध्ये 'लॅन्सेट'मध्ये कधीच न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं. चुलीचा धूर त्यातलं मोठं कारण. इनहेलर वेळेवर मिळायचा तर आजार आधी ओळखायला हवा, आणि नुसत्या स्टेथोस्कोपनं तो सुरुवातीला हाती लागत नाही.

जळगावच्या जिनिंगमधल्या कामगारांचं दुखणं वेगळं. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांमध्ये त्याचा अभ्यास केला. कायद्यानं तो कळवणं बंधनकारक आहे. पण न मोजलेला आजार कळवणार कोण? हंगामाआधी प्रत्येक कामगाराची फुंकर नोंदवावी, मग सुट्टीनंतरच्या दिवशी पाळीच्या आधी आणि नंतर पुन्हा घ्यावी. यंत्र हातात मावतं, फाटकापाशी टेबल-खुर्ची मांडली तरी काम होतं.