नाराज मतदार आणि अपक्ष उमेदवार : डिचोली-पेडण्याच्या संदर्भात

दोन प्रमुख पक्षांना कंटाळलेला मतदार तिसऱ्याकडे वळतो. त्या नाराजीचे पुढे काय होते, हे प्रस्तुत लेखात पाहू.

अमेरिकेत १९९२ साली रॉस पेरो या अपक्ष उमेदवाराला सुमारे १९ टक्के मते मिळाली, पण निर्वाचक मत एकही मिळाले नाही. तेथे बहुतेक राज्यांत पहिल्या क्रमांकाच्या उमेदवारालाच त्या राज्याची सर्व निर्वाचक मते मिळतात. त्यामुळे देशभर विखुरलेली नाराजी वाया जाते.

गोव्यातही अधिक मते घेणारा जिंकतो. मात्र विधानसभेचे ४० मतदारसंघ लहान असल्याने अपक्षाला घरोघरी पोहोचता येते. डिचोलीने २०१२ मध्ये नरेश सावळ आणि २०२२ मध्ये डॉ. चंद्रकांत शेट्ये यांना अपक्ष म्हणून निवडून दिले. २०२२ मध्ये भाजपला २० जागा मिळाल्या आणि शेट्ये यांच्यासह तिन्ही अपक्षांनी त्याच पक्षाच्या सरकारला पाठिंबा दिला. दहाव्या अनुसूचीनुसार अपक्ष आमदार एखाद्या पक्षात गेल्यास अपात्र ठरतो. नुसता पाठिंबा देण्यास मनाई नाही.

पेडणे तालुक्यातील मांद्रे मतदारसंघाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर यांना पराभूत करून काँग्रेसचे दयानंद सोपटे यांना निवडले. सोपटे २०१८ मध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले व २०१९ ची पोटनिवडणूकही जिंकले.

तात्पर्य, अमेरिकेत नाराजी दाराबाहेरच अडते; गोव्यात ती आत जाते, पण पुष्कळदा सत्तेच्या बाकावर बसते. म्हणून निवडणुकीचा निकाल शिकवताना निवडून आलेला सदस्य पुढे कोणत्या बाजूला बसला, हेही विद्यार्थ्यांना तपासायला सांगावे.