तापलेला बंब

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. १९८५ साली तेथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसपास कामगारांची जी वस्ती वाढत गेली, ती बजाजनगर या नावाने ओळखली जाऊ लागली. सकाळच्या पाळीस जाणाऱ्याला दिवस उजाडण्यापूर्वीच स्नान उरकावे लागते. त्यामुळे हिवाळ्यात ऊन पाणी ही तेथील घराघरांतील पहिली निकड असते. बहुतेक घरांत हे काम आता विजेच्या गिझरकडे आले आहे. तथापि, मराठवाड्यातील खेड्यांतून आलेल्या एखाद्या कुटुंबाच्या अंगणात तांब्याचा जुना बंब अद्यापही उभा दिसतो.

बंबाची रचना साधी, पण मोठी युक्तीची असते. बाहेरून तो तांब्याच्या पिंपासारखा दिसतो. त्याच्या मध्यातून एक उभी नळी खालपासून वरपर्यंत गेलेली असते. नळीच्या बुडाशी लोखंडी जाळी असून तिच्यावर लाकडाच्या ढलप्या, करवंट्या किंवा गोवऱ्यांचे तुकडे जळतात. राख जाळीतून खाली पडते, धूर नळीच्या वरच्या तोंडातून निघून जातो, आणि नळीभोवतीचे पाणी तापते. विस्तव मधोमध आणि पाणी त्याच्या सभोवती असल्यामुळे चुलीवरच्या हंड्यापेक्षा येथे उष्णता कमी वाया जाते.

असा बंब कधी कधी प्रमाणाबाहेर तापतो. झाकणाखालून वाफेचे लोट येतात, आत खडखड होते, तोटीला हात लाववत नाही. अशा वेळी घाबरून थंड पाण्याची बादली ओतण्याकडे मनुष्याची सहज प्रवृत्ती होते, आणि नेमके तेच करावयाचे नसते. प्रथम चिमट्याने जळण बाहेर काढून विस्तव मंद करावा. मग कारण शोधावे.

पहिला संशय पाण्यावर घ्यावा. तोटी तळालगत असते; एकामागून एक बादल्या काढल्या आणि वरून भर घातली नाही, तर आतील पातळी पाहता पाहता खाली जाते. तांब्याच्या एका बाजूस विस्तव असला, तरी दुसऱ्या बाजूस पाणी आहे तोवर धातू फारसा तापत नाही, कारण आलेली उष्णता पाणी लगेच ओढून घेते. कागदाच्या द्रोणात पाणी घालून तो जपून ज्योतीवर धरला तर पाणी उकळते, पण द्रोण जळत नाही, हे याच कारणाने. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच असल्यामुळे तेथे उघडे पाणी जवळजवळ ९८ अंश सेल्सिअसलाच उकळते; त्याहून अधिक ते तापत नाही. पाणी संपले की मात्र हा पहारा उठतो. कथील २३२ अंशांवर वितळते, आणि कथील व शिसे यांचे झाळण त्याच्याही आधी. मग झाळलेले सांधे सुटतात व बंब गळू लागतो. कोरड्या तापलेल्या बंबात थंड पाणी पडले, तर त्याची क्षणात वाफ होऊन ती ओतणाऱ्याच्या तोंडावर येते; धातूलाही तडा जाण्याचा संभव असतो. म्हणून बंब निवू द्यावा आणि मगच भरावा.

पाणी पुरेसे असेल, तर जळणाकडे पाहावे. पऱ्हाट्या आणि तुराट्या भडकन पेटतात व मोठी ज्वाळा देतात. त्या एकदम ठासून भरल्या की आग आवाक्यात राहत नाही. आणखी एक फसगत येथे नेहमी होते. ऊन पाणी हलके होऊन वर चढते व तळाशी तुलनेने थंड पाणी राहते. तोटी सोडून पाहणाऱ्याला ते कोमट लागते, म्हणून तो आणखी जळण घालतो, आणि त्याच वेळी वर पाणी उकळत असते! बादलीभर पाणी तोटीतून काढून ते पुन्हा वरून ओतले, म्हणजे खरी स्थिती समजते.

तिसरे कारण डोळ्यांना सहजी दिसत नाही. विंधनविहिरीच्या पाण्यात पुष्कळदा चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की त्यांतील काही क्षार वेगळे होऊन नळीवर पांढरट पुटे धरतात. तांब्याच्या मानाने हा थर उष्णता शेकडो पटींनी कमी वाहून नेतो. त्यामुळे पाणी तापावयास उशीर लागतो, जळण अधिक लागते, आणि थराखालची नळी मात्र वाजवीपेक्षा तापत राहते. धातूचे अति तापणे आणि पाण्याचे न तापणे ही दोन्ही एकाच रोगाची लक्षणे आहेत. थराच्या भेगांत अडकलेल्या पाण्याची वाफ होते व ती लगेच विरते. आतून येणारी खडखड बहुधा तिचीच. छिन्नी-हातोडीने हा थर फोडणे म्हणजे पातळ तांब्याचा घात करणे होय. लिंबूसत्त्वाचे पाणी काही वेळ भरून ठेवले की थर बुडबुडे सोडीत विरघळतो. नंतर बंब दोन-तीनदा स्वच्छ धुवावा.

राख साचून जाळी तुंबली तर विस्तवाला हवा पुरत नाही व तो धुमसतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात तो माणसाला नकळत बेशुद्ध करतो आणि प्राणही घेतो. म्हणूनच बंबाची जागा उघड्या अंगणात.

बंबाचे तोंड उघडे असते, ही त्याची मोठी सुरक्षितता. गिझर हे बंद भांडे आहे. थंड देशांतील घरांच्या तळघरात तेलावर चालणारा जो बॉयलर असतो, तोही बंदच. तेथे ठरावीक उष्णतेला आच बंद करण्याचे काम थर्मोस्टॅट करतो. असा जुना बॉयलर अति तापू लागला, तर प्रथम त्याचा तेलाचा बर्नर बंद करतात. मग थर्मोस्टॅट बिघडला आहे काय, पाणी खेळविणारा पंप फिरतो काय, नळांत हवा अडकली आहे काय, हे क्रमाने पाहतात. क्षारांचा थर तेथेही असतोच. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. बंद भांड्यात ती जागा मिळत नाही. कारखान्यांतील मोठ्या बॉयलरांची सरकारी तपासणी व्हावी म्हणून भारतात १९२३ साली स्वतंत्र कायदा झाला. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

गिझर असो वा बॉयलर, त्याच्या अंगावर एक लहानशी सुरक्षा-झडप असते. दाब वाढला की ती उघडते व थोडे पाणी किंवा वाफ बाहेर सोडते. ती ठिबकते म्हणून कोणी तिचे तोंड लाकडी खुंटी ठोकून बंद करतो. गळती थांबते, जमीन कोरडी होते, आणि घरात एक बंदिस्त स्फोटक तयार होते. ठिबकणारी झडप दिसली, की जाणता गृहस्थ आधी वीज किंवा तेल बंद करतो, आणि मग कारागिराला बोलावणे धाडतो.