मामूंचा सखर

१९८८ सालची ईद मे महिन्यात आली होती. शाळेला सुट्टी होती आणि कुवेतहून मामू रजेवर आले होते. तेव्हा कोकणात कुवेतचा माणूस घरी आला की सगळा मोहल्ला त्याच्या बॅगा उघडण्याची वाट बघायचा. साबण, अत्तर, कापड, कॅसेटचा टेपरेकॉर्डर, सगळं ठरलेलं. मामूंच्या एका बॅगेतून मात्र टाइपरायटरसारखा दिसणारा, पण कागद घालायला जागाच नसलेला डबा निघाला. त्याच्या प्रत्येक कळीवर एक इंग्रजी आणि एक अरबी अक्षर होतं. मामू म्हणाले, "हा सखर. कम्प्यूटर आहे. टीव्हीला लावायचा."

नानीने लगेच हुकूम सोडला, "मगरिबच्या वक्ताला ही पेटी चालू करायची नाही." मामूंनी तो मानला. मग त्यांनी आम्हा भावंडांसाठी स्वतःचा एक कायदा केला, त्याच्याबद्दल पुढे सांगतो. आज आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. पालकसभेत नव्वद टक्के बोलणं मोबाइल आणि गेमवरच होतं. दर वेळी आम्हाला तो डबा आणि मामूंचा कायदा आठवतो. म्हणून आज त्या डब्याची गोष्ट सांगावीशी वाटते. ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे, पण ती आपलीही आहे.

गोष्ट सुरू होते जपानमध्ये. १९८०च्या सुमारास घरगुती संगणक बाजारात येऊ लागले, पण प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा. एकाची कॅसेट दुसऱ्याला चालत नसे. काझुहिको निशी या तरुणाने यावर उपाय काढला. सर्वांनी एकच आराखडा पाळावा, यंत्र कोणाचंही असो, कार्यक्रम सगळ्यांवर चालावा. जून १९८३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीने हा आराखडा जाहीर झाला. त्याचं नाव एमएसएक्स. सोनी, सान्यो, यामाहा, तोशिबा अशा कंपन्या त्यात आल्या, युरोपातून फिलिप्स आली. ही यामाहा म्हणजे मोटारसायकलवाल्या यामाहाच्या मूळ घराण्यातली वाद्यं बनवणारी कंपनी. जपानखालोखाल हॉलंड, स्पेन आणि ब्राझीलमध्ये ही यंत्रं खूप चालली. सोव्हिएत रशियाने तर यामाहाची यंत्रं शाळांच्या वर्गांत बसवली. त्याच सुमारास, १९८४पासून, आपल्या भारत सरकारने निवडक शाळांना ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक दिले होते. आमच्या शाळेपर्यंत काही ते पोहोचले नाहीत.

इकडे कुवेतमध्ये मोहम्मद अल्-शारेख नावाचे अर्थतज्ज्ञ होते. ते काही संगणकाचे अभियंता नव्हते. पण त्यांना एक प्रश्न पडला. उद्या सगळं ज्ञान या यंत्रांत गेलं आणि यंत्राला आपली भाषा येत नसेल, तर आपल्या मुलांचं काय? १९८२मध्ये त्यांनी 'सखर' सुरू केली. सखर म्हणजे खडक. बैतुल मुकद्दसच्या कुब्बतुस्सखरामुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. यंत्रं बनवण्याचं काम त्यांनी यामाहा आणि सान्यो यांच्याकडे दिलं आणि आतली भाषा स्वतः तयार केली. बेसिक ही संगणकाला हुकूम देण्याची सोपी भाषा. तीही त्यांनी अरबीत आणली. म्हणजे अरब मूल इंग्रजी शिकण्याआधीच यंत्राला आपल्या भाषेत सांगू शकत होतं की हे कर, आता थांब, पुन्हा कर.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. अरबी उजवीकडून डावीकडे चालते हे तर उघडच आहे. शिवाय शब्दात अक्षर सुरुवातीला आहे, मध्ये आहे की शेवटी, त्याप्रमाणे त्याचा आकार बदलतो. हात लिहिताना हे आपोआप करतो, यंत्राला प्रत्येक वेळी हिशेब करावा लागतो. त्याहून अवघड काम होतं शब्द शोधण्याचं. मकतबात शिकलेल्यांना हे चटकन कळेल. किताब, कुतुब, कातिब, मकतब, मकतूब हे सगळे शब्द काफ, ते, बे या तीन अक्षरांच्या एकाच मुळातून फुटतात. मुळाच्या पुढे, मागे आणि मध्ये अक्षरं येतात आणि छोटे स्वर तर बहुधा लिहिलेच जात नाहीत. मग यंत्राने 'किताब' शोधताना 'कुतुब' कसं ओळखायचं? डॉ. नबील अली हे इजिप्तचे अभियंते या प्रश्नामागे लागले. विमानशास्त्रातून आलेला हा माणूस अरबी व्याकरणात बुडून गेला. सखरच्या या मंडळींनी कुरआन शरीफ आणि हदीसचे नऊ ग्रंथ संगणकावर आणले आणि त्यांत शब्द शोधण्याची सोय केली. या सेवेबद्दल अल्-शारेख यांना २०२१मध्ये किंग फैसल पुरस्कार मिळाला. मार्च २०२४मध्ये त्यांचं निधन झालं.

एवढं मोठं काम ज्या डब्यातून सुरू झालं, तो डबा बहुतेक घरांत मात्र खेळासाठीच आला, हे कबूल केलं पाहिजे. आमच्याही घरी तेच झालं. कोनामी या जपानी कंपनीचा एक खेळ होता. एक पेंग्विन अंटार्क्टिकाच्या बर्फावर धावतो, खड्डे आणि सील चुकवतो आणि वेळेत पुढच्या देशाच्या तळावर पोहोचतो. यंत्राला सोळा रंग दाखवता येत होते. आमचा टीव्ही कृष्णधवल, त्यामुळे आमच्यासाठी ते सगळे राखाडीच. तरी अंटार्क्टिकावर कोणत्या देशांचे तळ आहेत हे भूगोलाच्या पुस्तकाआधी आम्हाला पेंग्विनने शिकवलं.

आता मामूंचा कायदा. एक वेळ खेळायचं असेल, तर आधी एक कार्यक्रम टाइप करायचा. खेळाची कार्ट्रिज काढून बेसिक सुरू केलं की पडदा रिकामा. यंत्र नुसतं 'ओके' म्हणून थांबायचं, तुम्ही काही सांगेपर्यंत हलायचं नाही. मामू पुस्तिकेतून वाचायचे, आम्ही एका बोटाने टाइप करायचो. एक स्वल्पविराम चुकला तरी सगळं अडायचं. मग शोधाशोध, भांडणं. शेवटी पडद्यावर एक वर्तुळ उमटायचं. त्या वर्तुळाचा आनंद पेंग्विनपेक्षा मोठा होता, हे आम्ही तेव्हा कबूल केलं नसतं.

पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी अरबी कळा दाबून आपापली नावं पडद्यावर लिहिली. धाकट्या बहिणीची पाळी आली आणि गाडी अडली. तिचं नाव 'प'ने सुरू होतं आणि कळफलकावर 'पे' नव्हता. यात दोष कोणाचाही नव्हता. यंत्र अरबांसाठी होतं आणि अरबीत 'प' नाहीच. पण 'पे'च्या जागी 'बे' टाकून लिहिलेलं नाव तिला पटेना. दोन दिवस ती त्या डब्याकडे फिरकली नाही. यंत्राला तेवढंच येतं जेवढं कोणीतरी बसून त्यात घातलेलं असतं, हे आम्ही तेव्हा शिकलो. अल्-शारेख बसले म्हणून अरबी आली. 'पे' घालायला बसावं लागणार होतं उर्दूवाल्यांना, आणि 'ळ' घालायला मराठीवाल्यांना.

ते बसलेही. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील या खुशनवीसाने नस्तालीकचे हजारो जोड एकेक करून हाताने रेखाटले. त्यांतून तयार झालेल्या नूरी नस्तालीकमध्ये १९८१पासून उर्दू वर्तमानपत्र संगणकावर जुळू लागलं. दिल्लीत १९९४च्या सुमारास 'इनपेज' तयार झालं आणि भारत-पाकिस्तानातले उर्दू छापखाने त्यावर आले. देवनागरीसाठी आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलं. आज फोनवर आपण सहज 'ळ' लिहितो, त्यामागे अशी माणसं आहेत.

ऑगस्ट १९९०मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. सखर कंपनीला बिऱ्हाड हलवून कैरोला जावं लागलं. हजारो भारतीय कुटुंबांचं तर सगळंच गेलं. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे १ लाख ७० हजार भारतीय मायदेशी आणले गेले, त्यांत आमचे मामू होते. बारा वर्षं नोकरी केलेला माणूस एका पिशवीनिशी दारात उभा राहिला. बॅगा उघडायला या वेळी कोणी जमलं नाही. नानीने फक्त एवढंच म्हटलं, "तू आलास, अल्लाहचे लाख शुक्र."

घरात विकण्यासारखी एकच किमती वस्तू होती, तो सखर. मुंबईहून गिऱ्हाईकही आलं होतं. मामूंनी दोन दिवस विचार केला आणि विकला नाही. उलट रोज फजरनंतर ते त्यावर बसू लागले. न बघता अरबी टाइप करता यावं एवढाच त्यांचा तेव्हा हेतू होता. काही वर्षांनी मोहम्मद अली रोडवरच्या एका छापखान्याला संगणकावर उर्दू जुळवणारा माणूस हवा होता. बोटांना अरबी कळफलकाची सवय होती, मामूंना काम मिळालं. पुढची वीस वर्षं घर त्या कामावर चाललं. धाकट्या बहिणीच्या निकाहची दावतपत्रिका मामूंनी स्वतः जुळवली. तिचं नाव 'पे'सकट.

पण गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच छापखान्यात एक बुजुर्ग कातिब साहेब होते. तीस वर्षं त्यांच्या कलमाने किताबं लिहिली होती. संगणक आला आणि वर्षभरात ते घरी बसले. मामू त्यांना शिकवायला तयार होते, पण साहेब म्हणाले, "या उमरीत हे काय नवीन." मामू शेवटपर्यंत त्यांची आठवण काढून हळहळत. नूरी नस्तालीक एका खुशनवीसाच्याच हातून उतरली, तरी लाखो पानं लिहिणाऱ्या दुसऱ्या हातांचा रोजगार तिने नेला. यंत्र येतं तेव्हा बरकत सगळ्यांच्या दारात सारखी येत नाही. म्हणूनच ते नुसतं वापरणाऱ्यांत आपली मुलं आहेत की घडवणाऱ्यांत, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

आजच्या फोनबद्दल आमचं मत एवढंच आहे. ताकदीची त्याला कमी नाही. एमएसएक्सच्या अनेक यंत्रांत ६४ केबी एवढी स्मृती असे. ४ जीबी रॅमचा साधा फोन घेतला तर ती ६५,५३६ पट झाली. पण सखर आपल्यापुढे रिकामा पडदा ठेवून विचारायचा, 'काय करू?' फोन विचारत नाही, तोच पुढचं पुढचं दाखवत राहतो. गेम खेळणारं मूल बिघडतं असं आम्ही म्हणणार नाही, आम्हीही खेळलो. काळजी याची वाटते की हा गेम कोणीतरी माणसाने बनवला आहे आणि तसा आपणही बनवू शकतो, हे त्याच्या मनातच येत नाही.

शाळेत मुलांना आम्ही हिदेओ कोजिमा यांची गोष्ट सांगतो. त्यांना एमएसएक्ससाठी लढाईचा खेळ करायला सांगितलं होतं. पण यंत्राची कुवत इतकी कमी की पडद्यावर एका वेळी फार सैनिक आणि गोळ्या दाखवता येईनात. मग त्यांनी खेळच उलटा केला. लढायचं नाही, शत्रूला दिसू न देता लपत जायचं. 'मेटल गिअर' नावाचा तो खेळ १९८७मध्ये आला आणि लपण्याच्या खेळांची परंपराच सुरू झाली. ही गोष्ट ऐकून मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सर्किट कमजोर होतं म्हणून डोकं चालवलं." त्याहून चांगलं आम्हालाही सांगता आलं नसतं.

मग घरी काय करावं? मामूंचा कायदा आजही चालतो. मुलाने तासभर गेम खेळला, तर त्याच्याजवळ बसून विचारा, यात काय घडतं, हरलो हे यंत्राला कसं कळतं, तुला बदलता आलं तर काय बदलशील? उत्तर त्याने वहीत चित्र काढून द्यावं. एमआयटीचं 'स्क्रॅच' हे साधन मोफत आहे. ठोकळे जोडून त्यात मुलं स्वतःचे छोटे खेळ बनवतात. शाळेच्या संगणकावर महिन्यातून एक तास मिळाला तरी सुरुवात होते. आणि त्या खेळातली नावं, हुकूम, गोष्टी उर्दूत किंवा मराठीत असाव्यात असा आग्रह धरा. वेळेची मर्यादा हवी, नमाज आणि झोप यांच्या वेळी फोन बाजूला हवा, हे तर नानीनेच ठरवून दिलं आहे.

मामू आता हयात नाहीत. अल्लाह त्यांची मगफिरत करो. सखर आमच्या कपाटावर आहे, बंद पडलेला. मागच्या ईदला धाकट्या बहिणीची मुलगी आली होती. तिने कळफलकावरची धूळ पुसली, बराच वेळ शोधलं आणि आईला विचारलं, "अम्मी, यात 'पे' कुठे आहे?" बहीण म्हणाली, "नाही. तो तुझ्या मामूंच्या मामूंनी दुसरीकडे शोधला." मुलीने थोडा विचार करून विचारलं, "मग यात घालता येईल का?" आम्ही तिला स्क्रूड्रायव्हर आणून दिला.